गुलाबाईचा महिना कोणी चालवायचा? बोरीकाठच्या एका गावाचं प्रकरण

अमळनेर-पारोळा पट्ट्यात, बोरी नदीच्या काठी एक गाव आहे. तिथे एका एकवीस वर्षांच्या मुलीने बंद पडत आलेला गुलाबाईचा महिना पुन्हा उभा केला आणि पुढच्याच वर्षी तो आपल्याहून लहान मुलामुलींच्या हाती सोपवला. आमच्या वाचनालयातले आम्ही तिघं-चौघं तिच्या पाठीशी होतो. पाठीशी असणं म्हणजे नेमकं काय करणं, कुठे बोलणं आणि कुठे तोंड मिटून बसणं, याचं हे टिपण. गावाचं नाव देत नाही, माणसांचंही नाही. शेजारच्या एका गावातले काही प्रसंगही यात मिसळले आहेत, म्हणजे कुणी कुणाला हुडकत बसणार नाही.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी आधी गुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला मातीची गुलाबाई आणि गुलोजी बसतात, कोजागरीला उठतात. पार्वती आणि शंकरच ते, माहेरपणाला आलेले. महिनाभर संध्याकाळी मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. शेवटी खिरापत ओळखायचा खेळ होतो: झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. विदर्भात हिलाच भुलाबाई म्हणतात. गाणी सासर-माहेरची, नणंद-भावजयीची, बरीचशी टोमणे मारणारी. ज्या घरात मुलीला मान वर करून बोलता येत नव्हतं, त्याच घराच्या ओट्यावर उभं राहून तिला सासूचं सोंग काढता येत होतं, हा या खेळाचा खरा जीव.

आता हा महिना आजच्या पंचांगात बसवून पाहा. अनंत चतुर्दशीला गणपती जातात आणि दुसऱ्याच दिवशी गुलाबाई बसते. गावातल्या पोरांचे कान आदल्या रात्रीच्या डीजेने बधिर झालेले असतात, घसे बसलेले असतात. मग पितृपक्ष. मग नवरात्र, आणि गुजरात शेजारी असल्यामुळे आपल्याकडे नवरात्र म्हणजे गरबा. दसऱ्याच्या आसपास कापसाची पहिली वेचणी निघते; बायका दिवसभर वाकून घरी येतात, थोराड मुली रविवारी किलोवर वेचायला जातात. त्यातच सहामाही परीक्षा. गुलाबाई मागे पडली ती ‘नव्या पिढीला संस्कृतीची चाड नाही’ म्हणून पडली, असं भाषणात ऐकू येतं. मला ते कारण पटत नाही. मुलींकडे संध्याकाळच उरली नव्हती.

ही मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. त्या शिबिरांत तिने सर्वेक्षणं केली होती, पथनाट्यं बसवली होती, विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोकनृत्यात नाचलीही होती. आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात वहीचं एकच पान होतं. तेरा ते अठरा वयाच्या मुली. रोज संध्याकाळी तासभर, प्रत्येक गल्लीत एका आजीच्या ओट्यावर. आजीने सांगायचं, मुलींनी शिकायचं आणि वहीत उतरवायचं. आठवड्यातून एकदा प्रत्येक गटाने स्वतःचं एक नवं कडवं जोडायचं. कोजागरीला सगळ्या गल्ल्यांतून फेरी. खाली अधोरेखित केलेलं: स्टेज नाही.

‘स्टेज नाही’ यावरच पहिली अडचण उभी राहिली.

शाळेची खोली हवी म्हणून मुख्याध्यापकांकडे, आणि गल्लीत दिवा हवा म्हणून ग्रामपंचायतीतल्या एका वजनदार आप्पांकडे जावं लागलं. दोघंही मनाने चांगले. दोघांनीही ऐकून घेतलं आणि आपापला कार्यक्रम सांगितला. आप्पांच्या डोळ्यांसमोर मराठी शाळेच्या मैदानावर मांडव, आमदारांच्या हस्ते दीपप्रज्वलन, नऊवारीतल्या मुलींचं एक नृत्य, आजीबाईंना शाल-श्रीफळ आणि भला मोठा बॅनर. “कार्यक्रम दिसाले नको का, बेटा?” असं ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते. जे दिसत नाही त्याला पैसे मिळत नाहीत हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. गावचे एक गृहस्थ सुरतेला कापडाच्या धंद्यात आहेत; तेही खर्च उचलायला तयार झाले, फक्त वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत हवं होतं.

मुलांच्या सहभागावर काम करणारे रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. आपल्याकडची बहुतेक लोककला संमेलनं दुसऱ्या पायरीवर उभी असतात. मुलगी नऊवारी नेसते, नाचते, फोटो निघतो, आणि गाणं कोणतं, का, कुणाचं, यातलं तिला कुणी काही विचारलेलं नसतं. शिडीच्या वरच्या टोकाला काम मुलांनी सुरू केलेलं असतं आणि निर्णय मुलं आणि मोठी माणसं मिळून घेतात. हे वाचायला सोपं आहे. आप्पांसमोर बसल्यावर ते अवघड होतं, कारण ‘मिळून’ या शब्दाखाली सगळं परत मोठ्यांकडे सरकतं.

आम्ही तिच्याशी ठरवलं ते असं. कार्यक्रमाचं काय, कुठे, किती हे ती आणि तिच्या मुली ठरवतील, आणि त्यावर आमचं मत त्यांनी विचारलं तरच मिळेल. परवानग्या, पत्रं आणि रागावलेली मोठी माणसं, हे आमच्याकडे. मुलींची सुरक्षितता एवढी एकच गोष्ट अशी, जिथे आम्ही न विचारता बोलणार: अठराच्या आतल्या प्रत्येक मुलीच्या घरून लेखी संमती, अंधारात परतताना गल्लीवार गट आणि सोबत दोन आया, आणि मुलींचे फोटो कुणाच्याही व्हॉट्सॲप स्टेटसला नाहीत. शेवटच्या अटीवर मुलीच जास्त रुसल्या.

आप्पांकडे मग मी गेलो, ती नाही. हे मुद्दाम. एकवीस वर्षांच्या मुलीने गावातल्या वडीलधाऱ्याला ‘नाही’ म्हटलं की ते उद्धटपण ठरतं, आणि त्याचा हिशेब तिच्या घरच्यांकडून चुकता होतो. माझ्या वयाच्या माणसाने म्हटलं की ते फक्त वेगळं मत असतं. तरुण नेतृत्वाला पाठबळ द्या असं सगळे म्हणतात; खेड्यात त्या पाठबळाचा मोठा भाग म्हणजे तिच्या वाट्याचा नकार आपण जाऊन देणं. आप्पांना सांगितलं की मांडव नवरात्रात घालाच, त्याला आमची ना नाही, पण गुलाबाई ओट्यावरच राहू द्या. दिव्याचं काम त्यांनी केलं. सुरतकरांना मुलीने स्वतः फोन केला. बॅनर होणार नाही, पण गाण्यांच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वडिलांचं नाव मुली हाताने लिहितील, असं ती म्हणाली. ते गृहस्थ थोडा वेळ बोललेच नाहीत आणि मग पैसे पाठवले. रक्कम फार नव्हती. वह्या, टिपऱ्या, कुंभाराची माती, एक मेमरी कार्ड आणि रोजची खिरापत, एवढं त्यात बसलं.

हिशेब दोन मुलींकडे होता, दोघीही दहावीतल्या. दर रविवारी ओट्यावर बसून तो मोठ्याने वाचला जाई. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना हे धोक्याचं वाटलं. धोका कसला, ते मला कळलं नाही. पतपेढ्यांचे हिशेब असे वाचले गेले असते तर जिल्ह्यातल्या कित्येक घरांचं भलं झालं असतं.

पैशाचा खरा पेच आजीबाईंच्या मानधनात होता. आम्हा मोठ्यांची सवय साडीची. मुलगी म्हणाली, साडी कपाटात जाईल. ज्या आजी अजून वेचणीला जातात त्या आमच्यासाठी लवकर घरी येणार, तर त्यांचे जेवढे किलो बुडतील तेवढे पैसे द्या. विचार सरळ होता, हिशेबालाही सोपा. पण पहिल्याच आजीने पैसे परत केले. गुलाबाईचं गाणं विकत नसतात, असं त्या म्हणाल्या. मुलगी दोन दिवस गप्प होती. मग तिने तेच पैसे खिरापतीचा खर्च म्हणून त्या-त्या आजीकडे दिले. डब्यात काय घालायचं ते आजी ठरवतील, उरलेलं त्यांच्याकडेच राहील. आजींनी घेतले. ही युक्ती मला सुचली नसती, आणि सुचली असती तरी माझ्या तोंडून ती भीक वाटली असती.

गाणी शिकायला बसल्यावर जी अडचण आली तिची कुणी कल्पना केली नव्हती. मुलींना इथली बोली अहिराणी कळत होती, बोलताही येत होती, पण वहीत लिहिताना त्या आपोआप प्रमाण मराठी करत होत्या. ‘उनी’चं ‘आली’, ‘तठे’चं ‘तिथे’. मग गाणं टिपरीच्या ठोक्यावर बसेना. शाळेत पहिलीपासून हेच शिकवलेलं: वहीत अशुद्ध लिहायचं नाही. जनगणनेत अहिराणी ज्या गटात मोजतात त्या खान्देशीचे बोलणारे २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख होते, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. दहा वर्षांत खान्देशातली माणसं कमी झालेली नाहीत. माझ्या मते मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ सांगणारे वाढले, आणि त्या सांगण्याची सुरुवात अशाच वह्यांतून होते.

यावर तिने व्याख्यान दिलं नाही. वहीच्या डाव्या पानावर जसं ऐकलं तसं, उजवं पान मोकळं, एवढाच नियम केला. उजव्या पानावर ज्याला जे लिहायचं ते: अर्थ, चित्र, आजीने मध्येच सांगितलेली गोष्ट, कोणत्या गावाहून ते गाणं लग्नाबरोबर इकडे आलं ते. ही उजवी पानं डाव्यांपेक्षा रंगतदार निघाली. एका मुलीने नुसत्या आजीच्या शिव्या उतरवून घेतल्या होत्या. त्या इथे छापता येणार नाहीत. अशा वेळी बहिणाबाईंचं नाव निघणारच. त्यांची बोली लेवा, अहिराणी नव्हे, पण दाखला लागू आहे: त्यांना लिहिता येत नव्हतं, घरातल्या मुलांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते लोकांपर्यंत पोहोचलं. त्या मुलांना कुणी प्रकल्प दिला नव्हता.

नवी कडवी सुरुवातीला फार सज्जन होती. मुलगी शिकली प्रगती झाली, झाडे लावा, असली. शाळेतल्या निबंधाचा हात. आठवडाभर ती एकवीस वर्षांची मुलगी काहीच बोलली नाही. मग एका संध्याकाळी एस.टी.चा पास घरी विसरलेल्या मुलीने रागारागाने म्हटलं:

यष्टी उनी वं माय, यष्टी उनी,
मन्हा पास घरमाच ऱ्हायना…

आणि पुढे कंडक्टर, त्याची शिट्टी, उतरवलेली मुलगी, कॉलेजला गैरहजेरी, सगळं जुन्याच चालीवर येत गेलं. आजी हसून लोटपोट. सासूच्या जागी कंडक्टर बसला आणि गाणं पुन्हा आपल्या कामाला लागलं. त्यानंतर मोबाईलचं रेंज, वसतिगृहाचं जेवण, स्थळं बघायला येणारी मंडळी, हे सगळं टिपऱ्यांवर आलं. स्थळांच्या कडव्यावर एका वडिलांनी हरकत घेतली. ते कडवं म्हणायचं की नाही यावर मुलींनी मत घेतलं आणि ठेवलं. पण त्या घरापुढे म्हणायचं नाही असंही ठरवलं. मी असतो तर एक तर काढलं असतं किंवा हट्टाने त्यांच्याच दारात म्हणायला लावलं असतं.

या कामातला सगळ्यात नाजूक प्रसंग कानबाईच्या गाण्यांचा. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन, आणि प्रसादाचे रोट खायचे ते भाऊबंदांनीच. गुलाबाई हा मुलींचा खेळ, कानबाई हे कुळाचं दैवत. एका आजीकडे गुलाबाईची गाणी सांगून संपली आणि त्या सहज कानबाईच्या गाण्यांत शिरल्या. मुलींचे फोन चालू होते. दोन गाणी झाल्यावर आजी थांबल्या, म्हणाल्या हे तुमच्या डब्यात ठेवू नका. मुलीने सगळ्यांचे फोन मागून घेतले, त्या दोन फाइल आजींसमोर पुसल्या आणि वहीत फक्त लिहिलं: ‘कानबाईची गाणी, आजीकडे आहेत.’ पुढचं पान कोरं.

आमच्या गटात यावर बरीच वादावादी झाली. आमच्यातले एक जण लोकसाहित्याचे जुने अभ्यासक, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आयुष्यभर कागद चाळलेले. आजी नव्वदीच्या घरात, उद्या नसतील, मग गाणी कुठे राहतील, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नाही. खान्देशातलं किती तरी असंच गेलं आहे. पण मुलीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: आज पुसलं नाही तर उद्या दुसरी आजी तोंड उघडणार नाही. युनेस्कोचा अमूर्त वारशाचा २००३ चा करार, जो भारताने २००५ मध्ये स्वीकारला, हेच सांगतो. वारसा ज्यांचा, त्यांचे तो खुला करण्याबाबतचे रिवाज पाळायचे. २०१५ मध्ये त्याला जोडलेल्या बारा नीतितत्त्वांत आधी समजावून घेतलेली आणि टिकून राहणारी संमती स्पष्ट मागितली आहे. मुलीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. आम्ही ते वाचून दाखवलं ते तिला शिकवायला नव्हे, आमच्या अभ्यासक मित्राला गप्प करायला. ते गप्प झाले, पटलं मात्र नाही. अजूनही विषय काढतात.

मुलग्यांचं काय, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच आला. गणपती मंडळाची पोरं विसर्जनानंतर मोकळी होती आणि ओट्यापाशी घोटाळत होती. मुलींना ही पोरं नको होती. महिना चालवणाऱ्या मुलीने आजींना विचारलं, तर आजींचं उत्तर असं की पोरं पूर्वीही यायची, खिरापत खायला. म्हणून त्यांना एक काम दिलं: गावात ‘वही’ (लिहायची वही नव्हे, खान्देशातला डफावर गायचा लोकगीतांचा प्रकार) गाणाऱ्या मंडळाचे एक जुने डफवाले नाना आहेत, त्यांच्याकडे डफ शिकायचा आणि कोजागरीच्या फेरीला पुढे चालायचं. सहा पोरं गेली, दोन टिकली. नानांची शिकवण्याची तऱ्हा जुनी, चुकलं की डफाची काठी बोटांवर. गळालेल्या चौघांना डीजेवाल्याने परत नेलं असं गाव म्हणतं. मला वाटतं त्यांना नानांनीच घालवलं. इथे आम्ही काही केलं नाही, आणि करावं असं वाटलंही नाही. मोठ्या कलाकाराला शिकवण्याची रीत शिकवायला जाणं हे त्याच्या वयापुढे चालत नाही. टिकलेल्या दोघांपैकी एक मात्र असा वाजवतो की मुली आता त्याच्याशिवाय निघत नाहीत.

नवरात्रातही तिने मेळ बसवला. गरब्याशी स्पर्धा करायची नाही, असं पहिल्यापासून ठरलेलं. गरबा नऊला सुरू होतो, आपण ओट्यावरून सात वाजता उठायचं. दांडिया घरोघर होत्याच, त्याच टिपऱ्या म्हणून चालल्या. सुताराकडच्या टिपऱ्यांचे पैसे वाचले.

आता तिच्या उणिवेचं. ती स्वतः फार छान गाते. त्यामुळे पंधरा दिवसांत सगळ्या मुली तिच्यासारख्या गाऊ लागल्या, आजींसारख्या नाही. ती नसली की ओटा गप्प. आम्ही दर रविवारी तिला एकच प्रश्न विचारत होतो: पुढचे आठ दिवस तू परगावी गेलीस तर काय काय बंद पडेल? सुरुवातीला उत्तर ‘सगळंच’ असं होतं आणि ते सांगताना तिला थोडा अभिमानही वाटत होता. तिसऱ्या खेपेला तो ओसरला. मग तिने गाणं सांगायचं काम आठवीतल्या एका बेसूर मुलीला दिलं. बेसूर असल्यामुळे बाकीच्यांना आजींकडे कान द्यावाच लागला.

कोजागरीची फेरी झाली. मुली होत्या, आज्या होत्या, दूध होतं. आप्पाही आले, मागे उभे राहिले. आमदार नव्हते. वर्तमानपत्रात बातमी आली नाही.

पुढच्या वर्षी ती पुण्याला नोकरीला गेली. खान्देशातल्या शिकलेल्या मुलांचं हेच होतं, सुरत, नाशिक नाही तर पुणे. आणि तरुण नेतृत्वावरच्या योजना हे धरूनच आखायला हव्यात. नेता तीन वर्षं गावात राहील असं कागदावर लिहिणारा माणूस एस.टी. स्टँडवर सकाळी उभा राहिलेला नसतो. सूत्रं हिशेब लिहिणाऱ्या दोघींपैकी एकीने आणि डफवाल्या मुलाने घेतली. त्यांनी पहिल्याच बैठकीत वहीचा नियम मोडला: डावं पान नको, आधी नुसतं पाठ करू, लिहू नंतर. पुण्याहून तिचा फोन आला, नाराज होती. आम्ही तिची बाजू घेतली नाही. वही त्या वर्षी महिन्याच्या शेवटी लिहिली गेली; निम्मी गाणी गळली, पण राहिली ती तोंडपाठ आहेत.

दोन गोष्टी अजून लोंबकळत आहेत. रेकॉर्डिंगचं कार्ड सध्या वाचनालयाच्या कपाटात आहे, आणि ते तिथेच का असावं याचं उत्तर आमच्याकडे नाही. नव्या दोघांनी ते शाळेत मागितलं आहे, दोन आजींच्या घरच्यांनी आपापल्या गाण्यांची प्रत. दुसरी गोष्ट सुरतकरांची. यंदा त्यांनी रक्कम दुप्पट करायची तयारी दाखवली आहे आणि पुन्हा एकदा, फक्त एक छोटासा मांडव, असं म्हटलं आहे. मुलांची बैठक पितृपक्षात आहे. आम्हाला अजून बोलावलेलं नाही.